गोचीडताप नावाचा रोग नाही



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि गुडघे ही दोन कारणं पुढे करता येतील, पण आज लिहायला बसवलं ते रागाने. रागात असताना काही लिहू नये, पत्र असलं तर एक रात्र उशाशी ठेवावं, असं मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आले. ह्या वेळी चार रात्री ठेवलं. राग गेला नाही.

झालं असं. ह्यांच्या तिथीला घरची माणसं जमली होती. जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता मी सहज सांगितलं की चिमीचं रक्त पुण्याला प्रयोगशाळेत पाठवलं आहे. (चिमी म्हणजे आमची सध्याची कुत्री. बसस्टँडामागे सापडली, शेपूट अर्धंच आहे.) तिला गोचिडींमुळे काही झालं असेल तर नेमकं कोणतं, हे ते लोक रक्तातल्या जनुकांवरून ओळखतात, त्याला साडेतीन हजार पडले, असं म्हटल्याबरोबर माझा पुतण्या खो खो हसत सुटला. "काकू, स्टँडावरच्या कुत्रीची डीएनए टेस्ट? मग पत्रिकापण करून घ्या ना!" सगळे हसले. मीही हसले, तिथीच्या दिवशी भांडण कुठे काढायचं. पण हा पुतण्या ब्लॉग वाचतो, हे मला माहीत आहे. तेव्हा बाबा रे, हे तुझ्यासाठी. आणि थोडंसं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यासाठी, ज्याचं नाव मी लिहिणार नाही.

आधी गोट्याचं सांगते. ज्यांनी त्याला पाहिलं आहे त्यांना तो आठवत असेल. हे गेले त्याच्या आदल्या वर्षी ह्यांनीच त्याला पिशवीतून घरी आणलं होतं, भाजीच्या पिशवीतून, खाली मेथी आणि वर गोट्या. २०२२ च्या जुलैत त्याला ताप भरला. पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत गोचिडी होत्या, मी रोज चिमट्याने काढून रॉकेलच्या वाटीत टाकत होते, तरी दुसऱ्या दिवशी तितक्याच. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझाच विद्यार्थी, आठवी-नववीला माझ्या वर्गात होता. हुशार मुलगा, अक्षर मोत्यासारखं. त्याने पापणी उलटून पाहिली, रक्तातल्या पेशी मोजून घेतल्या, प्लेटलेट चाळीस हजार आल्या, आणि म्हणाला, "बाई, टिक फीवर आहे. गोचीडताप. काळजी करू नका, सध्या दिवसाला चार-पाच येतात." डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या लिहून दिल्या, अठ्ठावीस दिवस.

चौथ्या दिवशी गोट्या उठून दुधभात जेवला. मी डॉक्टरला फोन करून आशीर्वाद दिला.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पडला. मग एक पट्टी आणली, गरोदरपणाच्या तपासणीला असते तशी, तिच्यावर रक्ताचा थेंब टाकला आणि रेघ उमटली. "हे बघा बाई, एर्लिकिया पॉझिटिव्ह. आपलं निदान बरोबर होतं." गोळ्या चालू, सलाईन चालू. तिसऱ्या आठवड्यात "बबेसियासाठीपण एक देऊन ठेवतो" म्हणून एक इंजेक्शन दिलं, त्याने त्याच्या तोंडाला लाळेच्या धारा लागल्या आणि उलट्या झाल्या. हिरड्या वहीच्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. माझ्या बहिणीची नात तेव्हा पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, पीसीआर केलंय का? कुणी स्लाइड तरी पाहिली आहे का?" दोन्हीही केलं नव्हतं. सोमवारी रक्त पाठवलं. बुधवारी पहाटे गोट्या गेला. शुक्रवारी रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं: बबेसिया गिब्सोनाय आढळला. एर्लिकिया आढळला नाही.

रिपोर्ट घेऊन मी दवाखान्यात गेले. तो म्हणाला, "बाई, एर्लिकिया असेलच, आपल्या गोळ्यांनी गेला असेल." आणि मंडळी, त्याचं हे म्हणणं अगदी बरोबर असू शकतं! दोन्ही एकदम असू शकतात, एकच गोचीड दोन-दोन रोग देऊ शकते. पण तसं होतं की नव्हतं हे आता ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही, कारण पहिली गोळी देण्याआधी रक्त काढून ठेवलेलं नव्हतं. माझं सगळं भांडण ह्या एका नळीभर रक्ताचं आहे.

आता मी शास्त्र शिकलेली बाई नाही. बी.ए., मराठी घेऊन, तेही मराठी माध्यमातून. अकरावी मॅट्रिकला शास्त्रात जेमतेम पास. पण एका शब्दाचे पाच अर्थ आणि पाच शब्दांचा एक अर्थ ह्यात माझा जन्म गेला, आणि म्हणून सांगते, 'गोचीडताप' हे रोगाचं नाव नाही. 'पोटदुखी' हे जसं रोगाचं नाव नाही तसंच. अपेंडिक्सलाही पोट दुखतं आणि करंज्या जास्त खाल्ल्यावरही दुखतं. डॉक्टरने "पोटदुखी आहे" असं निदान लिहून दोन्हींना एकच पुडी दिली तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

आपल्याकडे कुत्र्यांच्या अंगावर जी तपकिरी गोचीड असते ती निदान चार-पाच वेगवेगळे जीव पसरवते. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत राहतो. अॅनाप्लाझ्मा प्लॅटिस हाही जिवाणू, तो थेट प्लेटलेटांमध्येच घर करतो. बबेसिया हा जिवाणू नव्हे, मलेरियाच्या जंतूसारखा एकपेशीय प्राणी, तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो. त्यातही एक मोठा, व्होगेली नावाचा, आणि एक बारका, गिब्सोनाय. ह्या गिब्सोनायचं आणखी एक लक्षण असं की तो गोचिडीवाचूनही जातो: भांडणातल्या चाव्यांतून, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं तर त्यातून, आईच्या पोटातून पिलाला. आणि हिपॅटोझून कॅनिसची तऱ्हा तर न्यारीच. तो गोचिडीच्या चावण्यातून येत नाही. कुत्रं अंग चावता चावता गोचीडच गिळतं, तेव्हा येतो! हे वाचल्यापासून चिमी दातांनी पाय कोरायला लागली की मी जागची उठते, गुडघे असोत नसोत.

ह्यातल्या बहुतेकांत ताप येतो, कुत्रं मलूल होतं, जेवत नाही आणि प्लेटलेट उतरतात. म्हणजे वरून पाहिलं तर सगळे सारखे. पण औषधं? एर्लिकियाला डॉक्सिसायक्लीन लागू पडतं. व्होगेलीला नुसतं ते पुरत नाही, त्याला इमिडोकार्बची इंजेक्शनं. आणि गिब्सोनायला इमिडोकार्ब धड चालत नाही. त्याच्यावर जी औषधं सांगितली आहेत त्यातली मुख्य जोडी म्हणजे अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन, दहा दिवस, बरोबर तूप घातलेलं काहीतरी खायला देऊन, कारण स्निग्ध अन्नाबरोबर अटोव्हाक्वोन अंगी लागतं. महाग आहे, सहजासहजी मिळत नाही, हे खरं. पण गोट्याला ते मिळालं असतं तर तो जगला असता का हा प्रश्न मी तीन वर्षं स्वतःला विचारते आहे आणि उत्तर "कदाचित" असं येतं. "कदाचित"वर झोप लागत नाही.

माझ्या विद्यार्थ्याचं उत्तर ठरलेलं आहे. "बाई, वीस वर्षं प्रॅक्टिस आहे, नजरेने कळतं."

नजरेचं काय ते सांगते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतातल्या मुंबई, दिल्ली आणि आणखी दोन ठिकाणच्या ५२५ कुत्र्यांचं रक्त तपासलं. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. आधी त्यांनी काचपट्टीवर रक्त पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. १२ कुत्र्यांत हिपॅटोझून दिसला, बाकी काही म्हणजे काही दिसलं नाही. मग त्याच ५२५ नमुन्यांवर पीसीआर केलं, म्हणजे जनुकांची तपासणी. २६१ कुत्र्यांत एक ना एक रोगजंतू निघाला! बारा आणि दोनशे एकसष्ट. हिपॅटोझून ३० टक्के, एर्लिकिया २०.६ टक्के, अॅनाप्लाझ्मा ६.५, व्होगेली ५.५. एकोणचाळीस कुत्र्यांत एकाहून जास्त. हे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या तयार डोळ्यांचं झालं. आपला डॉक्टर तर नुसती पापणी उलटून पाहतो.

ह्याच तपासणीत गिब्सोनाय फक्त ०.२ टक्के निघाला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. नाहीतर पुतण्या गूगल करून मलाच पकडेल. म्हणजे पाचशे पंचवीसांत एक. मग गिब्सोनाय दुर्मिळ आहे, असं म्हणायचं? तर नाही. नंतर ईशान्य भारतात, केरळात जनुकांवरून तपासण्या झाल्या तेव्हा तिथे तो चांगला मोठ्या प्रमाणावर सापडला. जागेजागेला वेगळं आहे. आमच्या तालुक्यात काय आहे? मी चार ठिकाणी विचारलं, कुणालाही सांगता आलं नाही. तपासलंच नाही तर सांगणार कुठून? आणि माहीत नसलं की "सध्या हीच साथ आहे" म्हणायला मोकळे.

एका गोष्टीचा मला फार विषाद वाटतो. हा गिब्सोनाय कुणी परदेशातून आणलेला पाहुणा नाही. १९१० साली पॅटन नावाच्या गोऱ्या डॉक्टराने त्याचं पहिलं वर्णन केलं ते मद्रासला, तिथल्या साहेबांच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आणि मग कोल्ह्यांत. हिपॅटोझून तर त्याच्याही आधी, १९०५ साली, जेम्स ह्यांनी वर्णन केला, तोही हिंदुस्थानातल्याच कुत्र्यांत. दोघांचीही जन्मनोंद आपल्या देशातली! शंभर वर्षांहून अधिक झाली, आणि आपण अजून त्यांना आडनावानेसुद्धा ओळखत नाही. (एर्लिकिया तेवढा आपला नव्हे, तो १९३५ साली अल्जीरियात सापडला.)

आता हे जनुकांवरून ओळखणं म्हणजे काय, ते मला नातीने दोन संध्याकाळी समजावलं. चुकलं तर तिला दोष देऊ नका, विद्यार्थिनी म्हातारी होती.

प्रत्येक जिवाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर असतो. काही परिच्छेद असे, की ते ह्या सगळ्या एकपेशीय प्राण्यांत जवळजवळ शब्दशः सारखे असतात, पण मधली काही अक्षरं जातीजातीला वेगळी. मी लगेच म्हटलं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ! 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. लांबून वाचलं तर एकच, आणि अर्थ बघायला गेलं तर जमीन-अस्मानाचा फरक. नात म्हणाली, "आजी, अगदी तसंच." आयुष्यभर वेलांटीवरून मुलांचे गुण कापले म्हणून मला किती नावं ठेवली गेली. शेवटी सृष्टीसुद्धा वेलांटी पाळते हे ऐकून बरं वाटलं.

पण रक्ताच्या थेंबात त्या परजीवीचा मजकूर असणार नखाएवढा, आणि कुत्र्याचा स्वतःचा पोथ्यांएवढा. तो शोधायचा कसा? तर त्या ठरावीक परिच्छेदाच्या सुरुवातीला आणि शेवटाला चपखल बसतील असे दोन छोटे तुकडे टाकायचे. मग नमुना तापवायचा, साधारण पंचाण्णव अंशांपर्यंत, म्हणजे जोडीचे धागे सुटे होतात. थंड करायचा, तुकडे आपापल्या जागी चिकटतात. पुन्हा बहात्तर अंशांना नेला की एक द्रव्य त्या धाग्याची नक्कल उतरवून काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. परजीवी नसेल तर तुकड्यांना चिकटायला जागाच नाही, काही वाढत नाही. वाढलं तर तो मजकूर अक्षर अक्षर वाचून जगभरच्या नोंदींशी ताडून बघता येतो. ही युक्ती कॅरी मुलिस ह्यांना १९८३ साली सुचली आणि १९९३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. उकळत्या पाण्याच्या आसपास टिकून राहणारं ते नक्कल करणारं द्रव्य अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूकडून मिळालं. वज्रेश्वरीच्या कुंडांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते.

आणि पुतण्या, ही तपासणी तुला नवीन नाही बरं. २०२० साली नाकात काडी घालून जे केलं तेही ह्याच कुळातलं. तेव्हा तू स्वतः रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस माळ्यावरच्या खोलीत बसला होतास, आणि "नुसता ताप आहे, नजरेने कळतं" असं म्हणणाऱ्या डॉक्टरला तूच शिव्या घातल्या होत्यास. मग चिमीसाठी तेच मागितलं की पत्रिका?

"ते माणसांसाठी होतं, काकू." म्हणशील. म्हण. माणसांचंच घेऊ. डॉक्सिसायक्लीन हे काही फक्त कुत्र्याचं औषध नाही. लेप्टोला, स्क्रब टायफसला माणसांना हेच देतात. पावसाळ्यात गावातल्या दर तापल्या कुत्र्याला अंदाजाने महिनामहिना ते चारायचं, अर्ध्या लोकांनी चौथ्या दिवशी बंद करायचं (कुत्रं उठून जेवलं की कोण देतं?), आणि मग प्रतिजैविकं लागू पडेनाशी झाली म्हणून परिसंवाद भरवायचे. अटोव्हाक्वोनचंही तसंच. गिब्सोनायच्या एका जनुकात बदल झाला की त्याला ते औषध जुमानत नाही, आणि तो बदलसुद्धा ह्याच पद्धतीने वाचता येतो. म्हणजे औषध वाया घालवायचं की नाही हे आधी कळू शकतं.

आणि गोचिडींनी माणसांना सोडलं आहे असं कुणी समजू नये. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडताप आला, तोही गोचिडींमुळेच. ती गोचीड रानातली, वेगळी, तो विषाणूही वेगळा, १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे पहिल्यांदा सापडलेला. तिथेही नाव बघा कसं ठेवलं आहे, माकडताप! माकडं बिचारी स्वतःच त्याने मरतात आणि बदनामही तीच. पण तिथे निदान रक्त तपासून विषाणू ओळखतात, "काजूच्या बागेतला ताप" म्हणून पुडी देत नाहीत.

आता दुसरी बाजू. ती मला माहीत नाही असं नाही. पीसीआर म्हणजे देववाणी नव्हे. जुनाट आजारात गिब्सोनाय रक्तात इतका विरळ असतो की काढलेल्या थेंबात तो सापडेलच असं नाही. तपासणी "नाही" म्हणते आणि तो प्लीहेत बसलेला असतो. उलट पट्टीवरची ती रेघ. ती रेघ रोगजंतू दाखवत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध पूर्वी केव्हातरी तयार केलेली प्रतिपिंडं दाखवते, आणि ती महिनोन् महिने टिकतात. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला बघून मुलगा आज वर्गात हजर आहे असं म्हणण्यासारखं. गोट्याच्या बाबतीत हेच झालं. दाखला बघितला, हजेरी कुणी घेतली नाही.

आणि कुत्रं मरायला टेकलेलं असताना चार दिवस रिपोर्टची वाट बघत बसा, असंही माझं म्हणणं नाही. औषध सुरू करा ना! डॉक्टरने अनुभवाने अंदाज बांधू नये असं कुठे म्हणते मी? पण त्याआधी दोन मिनिटं थांबा आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त काढून फ्रीजमध्ये ठेवा. कानाच्या टोकाला सुई टोचून एक थेंब काचेवर पसरा, बबेसिया असेल तर तिथल्या रक्तात दिसायची शक्यता जास्त. काच काय भावाने मिळते? ह्याला ना साडेतीन हजार लागतात ना प्रयोगशाळा. ज्याला परवडेल तो तपासायला पाठवेल, ज्याला नाही तो नाही पाठवणार. पण तीन आठवड्यांनी पाठवावंसं वाटलं तर पाठवायला काही असलं तर पाहिजे!

पैशाचंही सांगते, कारण हसण्याचं मूळ तिथेच होतं. गोट्याच्या आजारात सलाईन, गोळ्या, इंजेक्शनं, तपासणीच्या फिया मिळून अकरा हजारांच्या वर गेले. वही माझ्याकडे आहे. त्या अकरा हजारांवर कुणी हसलं नाही. अंदाजावर केलेला खर्च आपल्याला खर्चच वाटत नाही, आणि माहितीवर केलेला चैन वाटतो. शाळेतही हेच पाहिलं. क्लासला हजार द्यायला तयार, शब्दकोशाला दोनशे जड.

आणि हे परवडत नसेल त्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्याकडे थट्टेने उत्तर नाही. आमच्या आळीत दूध घालायला येणाऱ्याचा कुत्रा गेल्या पावसाळ्यात असाच गेला. त्याला साडेतीन हजार म्हणजे काय ते मला माहीत आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्रीच दीड कोटीच्या वर मोजली होती. त्या सगळ्यांची नळी कोण भरणार? कुणी नाही. पण म्हणूनच सरकारी दवाखान्यांनी आपल्या भागातले थोडे थोडे नमुने पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे पाठवावेत, आणि त्यांनी दर वर्षी पावसाळ्याआधी सांगावं की अमुक तालुक्यात व्होगेली आहे, तमुक तालुक्यात गिब्सोनाय. मग दूधवाल्याच्या कुत्र्यालाही अंदाजानेच औषध मिळेल, पण तो अंदाज शहाणा असेल. पावसाचा अंदाज तालुकावार मिळतो ना?

ती गोचीडसुद्धा, मंडळी, एक निघाली नाही. इतकी वर्षं जगभरच्या तपकिरी गोचिडीला एकच नाव होतं, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. जनुकं वाचल्यावर लक्षात आलं की उष्ण प्रदेशातली वेगळी आणि समशीतोष्ण प्रदेशातली वेगळी, आणि २०२१ साली उष्ण प्रदेशातल्या गोचिडीला १८२६ सालचं एक जुनं नाव परत देण्यात आलं, लिन्नी. म्हणजे शंभर-दोनशे वर्षं विद्वान लोक जिला एक समजत होते ती एक नव्हती. त्यांनी कबूल केलं आणि नाव बदललं. माझ्या विद्यार्थ्याला एवढंच सांगायचं आहे. नजर चुकते ह्यात लाज नाही, तुझ्या बाईंचीही चुकली. चौथ्या दिवशी फोन करून आशीर्वाद मीच दिला होता, "आधी रक्त काढून ठेव" असं मीही म्हटलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला कळलेलं नाही, आणि ते मी तुला विचारलेलंही नाही.

ह्या वेळी मात्र चिमीला घेऊन गेले तेव्हा गोळी लिहायच्या आधी म्हटलं, "आधी रक्त." त्याने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता नळी काढली, आणि कानाचा थेंब काचेवरही घेतला. अक्षर अजून मोत्यासारखं आहे, नळीवर नाव लिहिलं तेव्हा पाहिलं. 'चिमी'तली पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ.

रिपोर्ट गुरुवारी यायचा आहे, आला की इथे लिहीनच. आणि पुतण्या, नळी बर्फ घालून ज्या थर्मासमधून पाठवली तो अजून त्या लॅबमध्येच आहे. तुझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे म्हणे. ह्यांचा आहे तो, निळा, झाकणाला पोचा आहे. येताना आठवणीने घेऊन ये.